यमुताईंनी कोरं ठेवलेलं वर्ष

आमच्या क्लबच्या व्हरांड्यात, पाण्याच्या माठांच्या वर, एक मोठा लाकडी फळा आहे. काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं. आधी वर्ष, मग महिला एकेरीच्या विजेतीचं नाव आणि त्यापुढे उपविजेतीचं. पाणी प्यायला आलेल्या मुली मान वर करून तो वाचतात. १९६६ च्या ओळीशी थांबतात आणि विचारतात, इथे खाली एवढं बारीक काय लिहिलंय? मी अजूनही आठवड्यातून एक-दोनदा क्लबवर जाते. गुडघे खेळू देत नाहीत, पण वेताच्या खुर्चीत बसून बघायला काही हरकत नसते. त्यामुळे उत्तर द्यायची वेळ माझ्यावरच येते.

ती ओळ बरीच वर्षं कोरी होती. ज्या बाईंनी ती कोरी ठेवली त्यांच्याविषयी क्लबात अजून दोन मतं आहेत. माझीही दोन होती.

यमुताई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. लग्न होऊन नागपूरला आल्या. यजमान ताराचंद मिलमध्ये कामाला होते, ते लवकर गेले. यमुताई शिकलेल्या होत्या, त्यांना नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून नोकरी लागली. मूलबाळ नव्हतं. गोळीबार चौकाजवळ भावाच्या घराला लागून एक खोली घेऊन त्या राहायच्या. भाऊ ईश्वरदास हातमागावर बसायचा. लेझीम, कवायत आणि गळ्यातली शिट्टी एवढाच तेव्हा यमुताईंचा खेळांशी संबंध. टेनिस त्या जन्मात खेळल्या नाहीत. रॅकेट उचलून द्यायची झाली तर ती झाडूसारखी धरायच्या.

सिव्हिल लाईन्समधल्या आमच्या क्लबचा महिला विभाग साहेब लोकांच्या बायका चालवायच्या. साहेबाची बदली झाली की सेक्रेटरीबाई जायच्या आणि जाताना कपाटाच्या किल्ल्याही सोबत जायच्या. एका वर्षी स्पर्धा तोंडावर आली आणि करणारं कोणीच उरलं नाही, तेव्हा कोणीतरी शाळेच्या पी.टी.च्या बाईंचं नाव सुचवलं. क्लबने मानधन देऊ केलं. यमुताईंनी ते नाकारलं आणि त्याऐवजी एक अट घातली. रोज सकाळी ऊन चढेपर्यंत दोन कोर्ट त्यांच्या शाळेच्या मुलींना मिळाले पाहिजेत. कमिटीला हसू आलं असणार. गोळीबार चौकातल्या मुली किती दिवस येतील, असं वाटून त्यांनी होकार दिला. मुली येतच राहिल्या आणि यमुताईही.

आमचे कोर्ट तेव्हा मातीचे, वरून शेणाने सारवलेले. यमुताई ते अंगणासारखे सारवून घ्यायच्या, आणि सारवण वाळलं की अनवाणी चालून बघायच्या. पायाला कुठे खडा लागला तर तेवढा भाग पुन्हा. जाळी फाटली की नवीन मागवायची पद्धत होती. त्यांनी ती बंद केली. भावाकडून दोर आणून त्या स्वतः व्हरांड्यात बसून जाळी विणायच्या, आणि गाठ अशी मारायच्या की कुठलं घर जुनं आणि कुठलं नवं ते कळायचं नाही.

नियमांच्या बाबतीत त्या कोणालाच सोडत नसत. पांढऱ्या कपड्यांशिवाय कोर्टवर पाय ठेवायचा नाही. पंचाशी वाद घालायचा नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला की नाव खोडलं, मग ती कलेक्टरची मेहुणी का असेना. आणि आयांनी कोर्टभोवतीच्या जाळीच्या आत यायचं नाही. ह्या शेवटच्या नियमावर सगळ्यांत जास्त भांडणं झाली.

वकील मधुकररावांच्या मुलीचा किस्सा सगळ्या नागपूरला माहीत होता. मुलगी चांगली खेळायची. एकदा सामन्याला वेणीत फिकट गुलाबी रिबीन बांधून आली. यमुताईंनी तिला पांढरी बांधून ये म्हणून परत पाठवलं. ती सायकलवर घरी जाऊन येईपर्यंत पंधरा मिनिटं उलटून गेली आणि तिचं नाव खोडलं गेलं. मधुकरराव तावातावाने आले. नियम कपड्यांचा आहे, रिबीन म्हणजे कपडा नव्हे, असा त्यांनी मुद्दा मांडला. यमुताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "रिबीन कापडाचीच असते. मी कोष्ट्याची पोट्टी आहे, कापड समजते मले."

व्हरांडाभर लोक हसले. मुलगी मात्र जाळीला धरून रडत होती. ती पुन्हा क्लबवर आली नाही. त्यानंतर यमुताईंच्या पिशवीत पांढऱ्या रिबिनी असायच्या, पुष्कळ मुलींना त्यांनी त्या आपल्या हाताने बांधून दिल्या. मधुकररावांच्या मुलीला त्याचा काय उपयोग?

मला त्या "कान्व्हेंट" म्हणायच्या. माझे वडील काटोलकडच्या शेतकरी घरातले, वकिलीसाठी नागपूरला आले आणि त्यांनी मला सिस्टरांच्या शाळेत घातलं. मी गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पांढरा स्कर्ट घालून खेळायचे आणि पॉइंट गेला की इंग्रजीत सॉरी म्हणायचे. "काय वं कान्व्हेंट, सारी म्हणून बॉल वापस येते काय?" असं त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या. ते मनाला लागलं, पण सॉरी म्हणणं सुटलं.

त्यांच्या शाळेच्या मुलींत सगळ्यांत पुढची होती कुसुम, कुसुमावती. ईश्वरदासची मुलगी, म्हणजे यमुताईंची सख्खी भाची. माझ्याहून वर्षभराने लहान. सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला आवळून खेळायची. तिची सर्व्हिस डोक्याच्या वरून अशी यायची, की दगडावर धुणं आपटल्याचा आवाज व्हायचा. आजूबाजूच्या कोर्टांवरचे लोक डोळे मिटूनही सांगायचे की कुसुम खेळते आहे. मी तिच्याशी सराव पुष्कळ केला होता. स्पर्धेत मात्र आमची गाठ पडली ती एकदाच, १९६६ च्या डिसेंबरात, अंतिम सामन्याला.

मला तो कप हवा होता. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. लग्नानंतर खेळणं होणार नाही हे उघड होतं. त्याआधी फळ्यावर आपलं नाव लागावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या दिवशी दुपारी कोर्टच्या कडेला, जाळीच्या आत, काही अनोळखी माणसं खुर्च्यांवर बसली होती. दोन पागोटी, एक टोपी, शालू नेसलेल्या एक बाई, आणि टेरिलीनचा शर्ट घातलेला एक लाजरा तरुण. अंतिम सामन्याला आमंत्रितांना आत बसू देत, त्यांच्याआडून कुसुमची आई सखूबाईही आत येऊन उभी होती. सगळा प्रकार हळूहळू कळला. ती मंडळी कुसुमला बघायला आलेली होती. कुसुमचं नाव पेपरात आलं होतं, तेव्हा सखूबाईने विचार केला की पोहे देऊन घरात मुलगी दाखवण्यापेक्षा सिव्हिल लाईन्समध्ये, मोठ्या लोकांच्या बागेत दाखवावी, वजन पडेल. आणि मग, मुलगी पाहुण्यांना नीट दिसावी म्हणून तिने कुसुमला बजावून ठेवलं होतं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत, ओढणी दोन्ही खांद्यांवरून ढळू द्यायची नाही. हे मला नंतर समजलं.

खेळताना मला एवढंच दिसलं की कुसुम खालून सर्व्हिस करते आहे. ओढणी अंगभर घेतलेली, चेंडू लांब गेला की दोन पावलं टाकून सोडून द्यायची. मला वाटलं, तिचा खांदा दुखत असेल. मग वाटलं, मीच आज काहीतरी विलक्षण खेळते आहे. माझे चेंडू अगदी रेषेवर पडत होते. यमुताई एकदा उठून जाळीच्या खांबाशी आल्या, कुसुमला हळूच काहीतरी विचारलं. तिने फक्त ओढणी सावरली. त्या परत जाऊन बसल्या. सामना मी सरळ दोन सेटमध्ये जिंकला. पाहुण्या बाई सखूबाईला म्हणाल्या, मुलगी फार शालीन आहे. तिथल्या तिथे पसंती झाली असं म्हणतात.

टेबलावर कप ठेवलेला होता. अध्यक्षांच्या पत्नी तो उचलणार तेवढ्यात यमुताई मध्ये आल्या.

"हा सामना झाला नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पुन्हा होईल."

त्यांनी कप उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मी पुढे केलेला हात तसाच राहिला. सखूबाई सगळ्यांदेखत नणंदेला वाटेल ते बोलली. यमुताईंनी किल्ली कमरेला खोचली. पाहुणे काय ते समजले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कोर्टवर हजर होते. थंडी मरणाची, सारवलेल्या कोर्टवर दव होतं. कुसुम आली नाही. पंधरा मिनिटं होऊन गेली. कमिटीतर्फे मधुकरराव आले होते, त्यांनी घड्याळ दाखवून म्हटलं, बाई, तुमचाच नियम आहे, द्या आता वॉकओव्हर. यमुताई गेटकडे बघत उभ्या होत्या. ऊन अंगावर आलं तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जाय तू घरी, कान्व्हेंट. कालेज असंन तुह्यं."

एवढंच. ना सामना, ना वॉकओव्हर, ना कप. फळा रंगवणारा आला तेव्हा त्यांनी १९६६ लिहून घेतलं आणि पुढे काही लिहू दिलं नाही. साऱ्या जगाला लावलेला नियम ह्या बाईने एकदाच मोडला आणि तो माझ्याच वाट्याचा मोडला. त्या रात्री डायरीत मी सामन्याचा स्कोअर लिहिला. तो मी कधी खोडला नाही.

कुसुमचं लग्न मोडलं. जी मुलगी आम्हाला दाखवली ती खरी नव्हतीच, असं तिची आत्याच चारचौघांत म्हणते, तर आम्ही काय समजायचं, असा पाहुण्यांचा निरोप आला. ईश्वरदासने बहिणीच्या खोलीकडचं दार विटा लावून बंद केलं. माझं मात्र पुढच्या मे महिन्यात लग्न झालं.

यमुताई त्यानंतर दहा-अकरा वर्षं सेक्रेटरी होत्या. त्यांच्या मुली राज्याच्या संघात गेल्या, रेल्वेत, बँकेत नोकरीला लागल्या. तक्रारीही वाढत गेल्या. शेवटी क्लबने मोठा समारंभ करून, हार घालून त्यांना काढलं.

१९८४ मध्ये स्पर्धेला पंचवीस वर्षं झाली. यमुताईंच्या जुन्या मुलींनी मागणी केली की महिलांच्या कपाला त्यांचं नाव द्यावं. कमिटीत दोन तट पडले. अध्यक्ष आता मधुकररावच होते. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. त्यांनी तोडगा काढला होता. कपाला बाईंचं नाव द्यायला त्यांची ना नाही, पण आधी बाईंच्या हातून झालेला अन्याय दुरुस्त व्हावा. १९६६ च्या ओळीत माझं नाव घालायचं. मी हो म्हटलं तर रंगवणारा त्याच आठवड्यात येईल.

मी लगेच हो म्हटलं. विचार करायला वेळही मागितला नाही. मधुकरराव गेल्यावर मी पुन्हा चहा ठेवला, आणि दोन मुलांची आई असून स्वयंपाकघरात गुणगुणत होते. आमचे हे दारात येऊन म्हणाले, "बरं झालं बाई. ह्या फळ्याशी मी इतकी वर्षं संसार केला."

यमुताईंना हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगायला गेले. त्या त्याच खोलीत राहत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंगेवरून बोट फिरवून किडकी बरोबर बाजूला टाकायच्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"लिहा ना. मी कोण आता?" त्या म्हणाल्या. "पण मले एक सांग. कोणासंगं खेळली होती तू?"

"कुसुमसंगं."

"कुसुम कोठी होती वं तिथं?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा प्रश्न मी विचारून टाकला. ठीक आहे, तो सामना झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आले होते, ती आली नाही. पंधरा मिनिटांचा नियम माझ्यापुरताच का मोडला?

"जी येत नाही तिच्यासाठी तो नियम आहे," त्या म्हणाल्या. "तिले तर येऊच देलं नाही. मी उजाडायच्या आधी गेली होती तिथं. बाहेरून कडी लावून होती. फटीतून दिसली मले, अंदर कुसुम कपडे घालून तयार, दार ठोकून राहिली होती. माह्या भावानं मले कडी काढू देली नाही. आता सांग, तुले मी काय देऊ? त्या कडीचा कप देऊ?"

मग त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही सोलायला लागले. दुसरं काय करणार होते?

तिसऱ्या दिवशी एस.टी.ने उमरेडला गेले. कुसुम तिथे दिली होती. नवरा चंद्रभान एस.टी.त कंडक्टर, आणि घराच्या पडवीत तिची पिठाची गिरणी. मी गेले तेव्हा ती भुवयांपर्यंत पिठाने माखली होती. मला बघून क्षणभर ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर म्हणाली, "पाह्य वं, आत्याचा पांढऱ्याचा नियम अजून पाळून राहिली मी."

जेवण झाल्यावर आम्ही बोललो. सखूबाई गेल्याला दोन वर्षं झाली होती. यमुताई मयताला आल्या, भिंतीशी बसल्या आणि उठून गेल्या. आत्या-भाची तेव्हाही बोलल्या नाहीत.

"आईनं मरेपर्यंत तेच म्हटलं, आत्यानं लगन मोडलं," कुसुम म्हणाली. "मले कोणी इचारलंच नाही. मले तो पोरगा आवडला होता, वच्छला. चांगला होता. चंद्रभानही चांगला आहे, ते अलग. पण आत्यानं एकदा येऊन म्हणायले पायजे होतं, पोरी, माह्यं चुकलं."

"म्हणाल्या असत्या तर?"

"तर मी म्हटलं असतं, नाही चुकलं."

गिरणीवर गिऱ्हाईक आलं. ती उठली, डबा एका हाताने उचलून वरच्या पेटीत ओतला. तिचा तो उजवा हात खांद्याच्या वर गेलेला बघताना माझ्या तोंडून निघालं, "कुसुम, तो सामना खेळू या का आपण?"

ती हसली, इतकी की गिऱ्हाईकही हसायला लागलं. मग गिरणी बंद करून माझ्यासमोर येऊन बसली.

"तू हारली तर फळ्यावर माह्यं नाव लागंन. चालंन तुले?"

माझं नाव लागायचं ठरलं होतं. काही न करता, घरबसल्या लागणार होतं. ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. बस सुरू झाल्यावर मी खिडकीतून तिला म्हटलं, चालेल.

मधुकररावांना वाटलं माझं डोकं फिरलं. "ताई, मी तुम्हाला न्याय देतोय आणि तुम्ही तो पणाला लावताय," ते म्हणाले. मी म्हटलं, खेळल्याशिवाय माझं नाव लिहू नका, आणि खेळून जे होईल ते लिहा. मग त्यांनी सकाळची वेळ दिली, स्पर्धा सुरू होण्याच्या दिवशीची, सगळ्या मुली येण्याआधीची. एवढं मोठं मन त्यांनी दाखवलं, हेही लिहून ठेवायला हवं.

आम्हा दोघींनी त्या महिन्यात चोरून सराव केला. मी क्लबच्या भिंतीवर, आणि कुसुमने, नंतर तिनेच सांगितलं, गावातल्या एका गोदामाच्या भिंतीवर. चंद्रभान पडलेले चेंडू वेचून द्यायचा आणि एस.टी.चा थांबा पुकारल्यासारखा प्रत्येक चेंडूला आवाज द्यायचा.

त्या सकाळी यमुताईंना मी रिक्षातून घेऊन आले. कोर्ट सारवलेला होता. त्यांनी रिक्षातून उतरताच चपला काढल्या आणि कडेकडेने चालून पाहिलं. मग खुर्चीत बसल्या. चेंडू त्यांना दिसणार नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. पंचाच्या उंच खुर्चीवर त्यांची जुनी विद्यार्थिनी बसली होती. मधुकरराव म्हणाले, दोघींचं वय बघता एकच सेट ठेवू या. यमुताईंनी मान हलवली. तीन सेटचा सामना होता, तीनच सेटचा होईल.

कुसुम आली ती चंद्रभानचा पांढरा कुडता-पायजमा घालून, खालचे काठ वर दुमडून. आणि अंगावरून, दोन्ही खांद्यांवर, पांढरी ओढणी घेतलेली. आत्याकडे तिने पाहिलं नाही. सर्व्हिस तिची होती. ती रेषेशी उभी राहिली, चेंडू दोनदा आपटला आणि खालून, हळूच, नाजूक हाताने टाकला. अगदी त्या दिवशीसारखा. चेंडू माझ्यासमोर पडला, आणि मी तो मारलाच नाही.

ती थट्टा करते आहे की टोमणा मारते आहे, मला कळेना. यमुताईंची मान त्या मऊ आवाजाकडे वळली. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते.

"पाहुणे गेले वं, कुसुम," त्या म्हणाल्या. "कवाचेच गेले."

कुसुम रॅकेट खाली ठेवून चालत खुर्चीपाशी गेली, अंगावरची ओढणी काढली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली. यमुताईंनी ती बोटांनी चाचपली. काठ तपासायची त्यांची सवय. परत येऊन कुसुमने हात वर नेला, आणि दगडावर धुणं आपटल्याचा तो आवाज साऱ्या मैदानावर घुमला. चेंडू माझ्या बाजूने कधी गेला ते मला दिसलं नाही.

पहिला सेट मी घेतला. खोटं का सांगू, मला खूप आनंद झाला. तिचे चेंडू बाहेर जात होते, हात वळत नव्हता. दुसऱ्या सेटपासून तो वळायला लागला. मी धावले. मुलांच्या बाळंतपणानंतर मी इतकी कधी धावले नव्हते. तिसऱ्या सेटमध्ये आम्ही दोघीही एकेका पॉइंटनंतर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायचो. एव्हाना स्पर्धेच्या मुली येऊन जाळीबाहेर जमल्या होत्या, आणि त्यांच्या आयाही, जाळीबाहेरच. शेवटचा चेंडू मी रेषेवर मारला असं मला वाटलं. तो रेषेच्या जरा बाहेर पडला होता. शेणाच्या सारवणावर खूण स्पष्ट दिसते, वाद घालायला जागा नसते.

मी जाळीशी गेले. कुसुमने माझा हात धरला तो सोडेना. आम्ही दोघी तशाच यमुताईंकडे गेलो.

"कोण हारलं?" त्यांनी विचारलं.

"मी, यमुताई."

"बरी हारली काय?"

"हो," मी म्हटलं. "बरी हरले."

"मंग लिहा आता," त्या मधुकररावांच्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. "दोघींचं लिहा. आणि कोणत्या साली खेळल्या तेही लिहा. उगाच खोटं नको."

परत जाताना यमुताईंना कुसुमने नेलं. एका हातात पिशवी, एका हातात आत्याचा दंड. रिक्षात त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पुढे मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन उमरेडला राहून झालं आणि १९८७ मध्ये यमुताई गेल्या त्याही उमरेडला, कुसुमच्या घरी.

कपाला त्यांचं नाव आहे. त्या न्यायी होत्या का, असं लोक मला विचारतात. मधुकररावांच्या मुलीला विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि तिचं चूक नाही. एका रिबिनीसाठी मुलीचा खेळ सुटावा हे मला आजही पटत नाही. कुसुमचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं, तेही भरून आलेलं नाही. पण माझ्यापुरतं विचाराल तर, मला फुकट मिळणारा कप त्यांनी दिला नाही. तेव्हा ह्या बाईने माझं काहीतरी घेतलं असं मला वाटत राहिलं. त्यांनी ते आम्हा दोघींसाठी राखून ठेवलं होतं, हे मला त्या सकाळी घाम पुसताना समजलं.

फळ्यावर १९६६ च्या ओळीत आता कुसुमावतीचं नाव आहे आणि दुसऱ्या रकान्यात माझं, वच्छला काळमेघ, माहेरच्या आडनावानं. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, सामना १९८४ साली खेळला गेला. मुली विचारतात, आजी, एवढा उशीर का झाला? मी सांगते, पाहुणे आले होते.